सायलेन्सर बदलून आलेलं स्थळ

पेठ वडगावच्या बाहेर, पेट्रोल पंपासमोर श्रुती कांबळेची पांढरी व्हॅन उभी असायची. व्हॅनवर 'पीयूसी सेंटर' असं लिहिलेलं, आत धूर तपासायचं मशिन, संगणक आणि कुरकुरणारा पंखा. सायलेन्सरात नळी घातल्याशिवाय श्रुती कुणाला कागद देत नसे. समोर नगरसेवक असो, नाहीतर सख्खा मामा.

शुक्रवारी दुपारी एका बुलेटचा आवाज गाडीच्या आधी येऊन पोचला. पंपावरची माणसं कानावर हात ठेवून वळली. उंच, सावळ्या पोरानं व्हॅनसमोर गाडी थांबवली आणि उगाच आणखी एकदा रेस केली.

"पीयूसी पाहिजे."

"गाडी चालू ठेवा, पण फटाके फोडू नका," श्रुती म्हणाली. तिनं नळी आत सरकवली, नंबरप्लेटचा फोटो घेतला आणि पडद्यावरचे आकडे चढताना पाहिले. "नापास."

"असं कसं? गाडी अजून नवीच हाय की, मॅडम!"

"गाडीला काय धाड भरलीया? सायलेन्सर भायरचा हाय. कंपनीच्या सायलेन्सरात धूर साफ करायचा कन्व्हर्टर असतोय. तो तुम्ही काढून माळ्यावर टाकलासा. आता हाय तो धूर सरळ भायर येतोय."

"सगळीच पोरं बसवत्यात."

"बसवू द्यात की. आवाजाचं पोलीस बघतील. माझं मशिन धुराचं बघतंय."

पोरगा घुटमळला. गॉगल काढून हळूच म्हणाला, "मी प्रसेनजीत. कबनूरचा. रविवारी तुमच्याकडंच यायचं हाय आमाला... बघायला."

श्रुतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आईनं फोटो दाखवला होता, पण फोटोत गॉगल नव्हता. दिसायला बरा होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"मग माझी परीक्षा घ्यायला आलतासा व्हय?"

"न्हाय. तुम्ही काम कसं करता ते बघायला आलतो. आणि पीयूसी पण खरंच संपलीया."

"बघितलंसा न्हवं? नळीला पावणंरावळं कळत न्हाईत. सायलेन्सर बदला, मग या."

तो नापासाचा कागद खिशात घालून निघून गेला.

संध्याकाळी हे ऐकून बायडाबाईनं, श्रुतीच्या आईनं, कपाळावर हात मारला. "अगं, चांगलं स्थळ चालत आलतं! एक कागद दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मशिन सरकारच्या संगणकाला जोडलंय, आई. आणि जोडलं नसतं तरी दिला नसता. यायचं असंल तर येत्यात."

रविवारी बायडाबाईनं पोह्यांची तयारी करून ठेवली. बुलेटचा आवाज आला की फोडणी टाकायची, असा तिचा बेत. आवाज काही येईना. शेवटी आशा सोडून ती केस विंचरायला बसली, तेवढ्यात दारातून हाक आली, "जय भीम! हायसा का घरात?" प्रसेनजीत आणि त्याचे वडील दादासो उंबऱ्यात उभे होते. बायडाबाई फणी डोक्यात तशीच ठेवून चुलीकडं पळाली.

पोहे आले, चहा आला. दादासो सरळ मुद्द्यावर आले. "पोरी, तू आमाला पसंत हायस. पण लग्नानंतर ते धुराचं दुकान बंद करायचं. आमची सून रस्त्यावर गाड्यांच्या मागं बसलेली बरी दिसत न्हाय."

बायडाबाई लेकीकडं काकुळतीनं बघत राहिली. श्रुतीनं कप खाली ठेवला.

"न्हाय, मामा. सेंटरची मंजुरी काढायला मी लई खेटे घातल्यात. कबनूर काय लांब न्हाय. सकाळी येईन, सांजला माघारी जाईन. पटत नसंल तर पोहे खाऊन जावा, माझ्या मनात राग न्हाय."

मग प्रसेनजीतच म्हणाला, "बाबा, हिनं बघायला आलेल्या पोराला सोडलं न्हाय, ही सेंटर कसं सोडंल?"

दादासोंनी लेकाकडं डोळे वटारले, आणि पुढच्याच क्षणी हसता हसता त्यांना ठसका लागला. "खरं हाय! शुक्रवारी तोंड पाडून आलता, आणि जुन्या सायलेन्सरासाठी सगळा माळा उपसला गड्यानं. बरं, पोरी. तुझं सेंटर चालू दे."

मोठ्यांनी दोघांना अंगणात बोलायला धाडलं. बुलेट लिंबाखाली उभी होती. "एवढा आवाज कशाला लागत होता तुम्हाला?" श्रुतीनं विचारलं.

"मी यंत्रमागांची दुरुस्ती करतो. दिवसभर खडखडाट. भायर आलं की कान रिकामे वाटत्यात. गाडीचा दणका बरा वाटायचा."

"आणि आता?"

"आज येताना मागं बसलेले बाबा काय बोलत्यात ते पहिल्यांदा ऐकू आलं. कबनूरपासनं मलाच शिव्या घालत होते."

श्रुती खळखळून हसली. "चावी द्या."

पदर कमरेला खोचून ती पुढं बसली आणि बघायला आलेल्या पोराला मागं घेऊन भर बाजारातून व्हॅनपाशी आली. नळी घातली. आकडे खालीच राहिले. तिनं पासाचा कागद त्याच्या हातात दिला.

"गाडीचं झालं," तो म्हणाला. "तुमचं काय ठरलं?"

"मला पसंत हाय. पण आधी आईला सांगायचंय, म्हणून तुम्ही अजून ऐकलं न्हाय असं समजा."

तिनं व्हॅनला कुलूप लावलं. प्रसेनजीत मान हलवत गाडीकडं वळला आणि हँडल धरायला गेला, तर श्रुती आधीच पुढं बसली होती.