डाव्या हाताची भिंत

बाबा तोफखान्यात होते. उजवा कान तिकडेच ठेवून आले. "सरकारला दिलेली वस्तू परत मागायची नसते," म्हणायचे. मी कानांच्या तपासण्या करते. त्यांचीही मीच केली होती. उजव्या कानात काहीही उरलं नव्हतं; डावा तेवढा शाबूत होता.

घरात त्यांच्या खुर्चीची जागा ठरलेली. डाव्या हाताला कोरी भिंत, उजव्या हाताला आईचं शिलाई मशीन. आम्ही मुलं समोर जाऊन बोलायचो. आई मात्र शिवता शिवता त्यांच्या उजव्या कानाशी पुटपुटायची, जे तोंडावर बोलता येत नसे ते सगळं. सासूबद्दल, गळक्या नळाबद्दल, एकटीने काढलेल्या वर्षांबद्दल. "बहिऱ्यापुढे बोललं की भांडण होत नाही," असं मला हसून सांगायची. नळ मात्र दोन दिवसांत दुरुस्त झालेला असायचा. "मनकवडे आहेत," हेही तीच म्हणायची.

बाबा गेल्यावर आईने त्या भिंतीला कपाट करून घ्यायचं ठरवलं. त्यांनी हयातभर तिथे खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.

मी त्यांच्या खुर्चीत बसून सुताराला फोन लावला. फोन उजव्या कानाशी. पलीकडे नुसतीच रिंग. आई मशीनपाशी सुईत दोरा ओवत पुटपुटली, "हा उद्या म्हणाला की पुढचं वर्ष धरायचं."

"येईल गं, एवढी काय चिडतेस?"

दोरा तिच्या बोटांतच राहिला. "तुला ऐकू आलं?"

मी फोन ठेवला, उजव्या कानात घट्ट बोट घातलं. "पुन्हा बोल. तसंच हळू."

ती बोलली. आवाज भिंतीवर आपटून डाव्या कानात आला, स्वच्छ. इतकी वर्षं मी कान तपासले, भिंतीकडे कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ह्यांना सगळं..." आईने मशीनची कड धरली. "अगं, निवृत्त होऊन आले त्या वर्षी मी एकदा म्हणाले होते, आलात कशाला? मला तुमच्यावाचून राहायची सवय झाली होती. तुमची पेटी तर अजून दारातच आहे."

ती पेटी मला आठवत होती. हिरवी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. हुकूम आला की उचलायची आणि निघायचं. घरी येऊनही बाबा पाहुण्यासारखे तिच्यातूनच कपडे काढायचे, तिच्यातच ठेवायचे.

"आई, पेटी माळ्यावर कधी गेली?"

तिने सुई-दोरा मशीनवर ठेवला.

"दुसऱ्याच दिवशी. मी विचारलं, कशाला चढवलीत? तर म्हणाले, पायात येते."

"आणि कपडे?"

"माझ्या कपाटात. एक खण मागितला माझ्याकडे." तिने मान वळवून माळ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, सहज."

फोन वाजला. सुतारच होता. आईने तो माझ्या हातातून घेतला.

"दादा, राहू द्या आता. ती भिंत मोकळीच हवी."

मग तिने मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः पुन्हा मशीनपाशी बसली. रिकाम्या खुर्चीकडे न पाहता, नेहमीच्या हळू आवाजात बोलू लागली. मी आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.