पाण्यातले हात

"तोंड नको, हातच बघा," असं म्हणत शवागारातल्या मावशीनं चादरीखालून हात तेवढा बाहेर काढला.

तोंड दाखवण्यासारखं उरलं नव्हतं. मुलगी चार-पाच दिवस तलावात होती. आईनं वाकडी करंगळी पाहिली आणि ओळखलं. पण नजर करंगळीवर थांबली नाही. तळवा पांढराफटक, फुगलेला, सुरकुत्यांनी भरलेला. जन्मभर लोकांची धुणी धुतलेल्या बाईचा असावा तसा.

"बघा, काय करून ठेवलंय पोरीचं!" ती जावयाकडे वळली. "साधा पेला विसळायला लावला नव्हता मी हिला. धुणंभांडं करून करून हात गेले हो हिचे!"

इस्त्रीचा शर्ट घातलेला जावई भिंतीशी उभा होता. "मावशी, तुम्हीच सांगा यांना."

मावशी शवागारात नवऱ्याच्या जागी लागली होती. इथं येणारे नातेवाईक आधी एकमेकांच्या उरावर बसतात, हे तिला पाठ होतं. खोटं बोलून वेळ मारून नेणं तिला जमत नसे, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

"कामानं नाही झालं हे, ताई. इतके दिवस पाण्यात राहिलं की राणीचेसुद्धा हात असेच होतात."

"कामानं नाही?"

"नाही."

जावयानं सुटकेचा सुस्कारा टाकला, चांगला मोठ्यानं. मग "सही कुठं करायची?" विचारत तो बाहेर गेला.

आई स्टुलावर बसली. "मागच्या महिन्यात आली होती. तिथं राहवत नाही म्हणाली. मी विचारलं, मारतो का? नाही. उपाशी ठेवतो? नाही. काम पडतं? तेही नाही. मग सोस की थोडं, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिली." तिनं चादरीची कड सरळ केली. "आत्ता हात बघितला आणि वाटलं, कामच पडत होतं. माझ्यापासून लपवलं हिनं."

मावशीला स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली. गप्प बसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? खापर त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याच्या डोक्यावर राहिलं असतं, आणि त्याला ते जडही गेलं नसतं.

आईनं मुलीचा हात धरायला हात पुढे केला.

"धरू नका, ताई." मावशीनं तिचं मनगट अडवलं. "कातडी सुटलीय. हातमोज्यासारखी निघून येईल."

आईनं मान हलवली. मग आपला पंजा उताणा करून तिनं तो मुलीच्या हाताखाली अलगद सरकवला आणि बोटं न मिटता तशीच बसून राहिली.