माळेतली पहिली प्लेट

मी सोलरची प्लेट बोलतेय. छतावर आम्ही सहा जणी एका रांगेत होतो आणि जिन्याच्या दारापासून मी पहिली. हे आधीच सांगते, कारण त्या पहिलेपणाचा मला फार ताठा होता.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ कारखान्यात झाला. साठ निळे चौकोन चंदेरी पट्ट्यांनी जोडले, वर काच, पाठीला पांढरंशुभ्र अस्तर, भोवती ॲल्युमिनियमची चौकट. झगझगीत दिव्याखाली माझी परीक्षा झाली आणि पाठीवर कागद चिकटला : अडीचशे वॅट. तेव्हापासून मी मनातल्या मनात सगळ्यांशी स्पर्धाच करत आले.

आमच्या घरची बाई शिवणकाम करते. सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. खालच्या खोलीत शिवणाची चार मशिनं आमच्या जिवावर चालायची. वहिनी शाळेच्या गणवेशाच्या कॉलरींना खळ लावायच्या आणि त्या ओल्या कॉलरी वर आणून माझ्या काचेवर पसरायच्या. फक्त माझ्या, कारण दारापासून मीच जवळ.

"इस्त्रीला सुट्टी दिलीस वाटतं?" सासूबाई जिन्यातून विचारायच्या.

"अहो आई, काच इतकी तापते, की कॉलर पुठ्ठ्यासारखी कडक होते. हात लावून बघा."

वहिनींची बोटं माझ्यावरून फिरली की मी शेजारणींकडे हळूच बघायची. कॉलरीखालच्या चौकोनांना ऊन मिळत नसे. बाकीच्यांची वीज त्यांच्यातून वाट काढायची तेव्हा ते चौकोन भाजून निघायचे. पण मला ते चटकेही गोड वाटत. दुसऱ्या कुणाला मिळत नव्हते ना!

बारा वर्षं अशी गेली. आम्हाला कामाला लावणारं ऊनच आम्हाला म्हातारं करतं. दर वर्षी अंगातली थोडी ताकद कमी होते, इतकी थोडी की कुणाच्या लक्षात येत नाही. पाठीचं पांढरं अस्तर पिवळं पडलं, हात लावला तर पिठासारखी भुकटी निघू लागली. काच घासताना वहिनींच्या यजमानांनी एकदा माझ्यावर गुडघा टेकला, तेव्हा आत केसाएवढ्या भेगा पडल्या. कॉलरींच्या जागी तर तपकिरी डागच उमटले. मी ते मिरवत होते.

मग एका वादळात कुठूनसा पत्रा उडून आला आणि सहावीची काच फुटली. तिच्या जागी नवी आली. आम्ही निळ्या, ती काळीभोर, आरशासारखी.

"काय देखणी आहे हो!" वहिनी म्हणाल्या. बारा वर्षांत मला कुणी देखणी म्हटलं नव्हतं. यजमान तिला रोज मऊ फडक्याने पुसू लागले. ढग आला तरी आधी तिच्याकडे बघायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. आम्ही सहा जणी एकाच माळेत जोडलेल्या. माळेत कुणी कितीही जोरकस असो, वीज चालते ती सगळ्यात कमजोर प्लेटच्या चालीने. आणि ती कमजोर मी होते. मी अडले की नवीही अडायची. मला वाटलं, बरी खोड मोडली.

त्यातच माझी ताकद झपाट्याने घसरली आणि खाली मशिनं दुपारी तीनलाच दमू लागली. शाळा उघडायला आठ दिवस उरले होते आणि गणवेशांचे ढीग तसेच पडून.

"देखणी आणलीत खरी, पण कामाच्या नावाने शून्य," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आता तुम्ही नका सुरू होऊ."

"परत करतो तिला," यजमान चिडून म्हणाले. "वायरमनला बोलावलंय."

मला इतका आनंद झाला! त्या दिवशीच्या उन्हात मी स्वतःला नव्याने कारखान्यातून आल्यासारखी समजत होते.

वायरमन आला. त्याने नवीला मीटर लावला आणि मान डोलावली. "हिला काही झालेलं नाही." मग उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन तो रांगेवरून चालत आला आणि माझ्यापाशी थांबला. "दुखणं इथे आहे. बघा, हे चौकोन किती तापलेत. पाठीवरच्या डबीतला डायोडही जळालाय, त्यामुळे वीज हिला वळसा घालून जाऊ शकत नाही. वहिनी, हिच्यावर काही ठेवत होतात का?"

वहिनींनी माझ्यावरचे तपकिरी डाग पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "कॉलरी. रोज."

"अगं, मग सांगायचंस ना!" यजमान म्हणाले.

"मला काय माहीत, ती भाजतेय म्हणून?"

वहिनींनी माझ्या डागांवर हात ठेवला. नेहमीसारखा नाही, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मला लाज वाटली. भाजत होते ते मलाही कळत होतं, आणि वहिनींचे गणवेश कुणामुळे अडलेत तेही.

तासाभरात मला सोडवलं. माझी जागा वगळून वायर जोडली आणि खालून चारही मशिनांचा आवाज एकदम आला. मी भिंतीला टेकून तो ऐकला. माझ्याशिवाय इतका सुरेख आवाज येतो, हे मला सोसलं नाही.

वायरमनने माझा डायोड बदलला, मला एकटीला उन्हात धरून मापलं. "दीडशेच्या आसपास देते. माझ्या बहिणीच्या गोठ्यावर पंख्याला पुरेल."

आता मी गोठ्याच्या छपरावर असते. खाली एक गाय आणि तिचं वासरू. माझ्यावर कुणी काही वाळवत नाही. तुमच्या छतावर माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यावरही काही वाळवू नका. ती स्वतःहून नको म्हणणार नाही. इथे दुसरी प्लेट नाही, त्यामुळे माझी कुणाशी तुलना होत नाही. दुपारी पंखा फिरतो, वासरू मान वर करून वारा घेतं, आणि तेवढा वेळ मी कुणाकडेच बघत नाही.