पालथं निजणं

दुपारी शकुंतलाबाई नर्सनं पट्टी सोडली आणि चंद्रव्वाच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याच्या माकडहाडावरची जखम आणखी खोल गेली होती, आणि आज डाव्या खुब्यावरही लाल डाग उमटला होता. नर्सनं तो बोटानं दाबून बघितला. लाली हटली नाही.

"नुसती कूस बदलून आता भागायचं नाही," नर्स बाहेर कट्ट्यावर येऊन म्हणाली. "दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं निजवा. भार उतरला नाही तर जखम हाडाला भिडेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

वीरभद्रप्पा गच्चीवरून पडले त्याला चार महिने झाले होते. कमरेखाली ना हलत होतं, ना दुखत होतं. त्यात माणूस एक नंबरचा हट्टी. लिंगायत रीतीप्रमाणं छातीवर कायम बांधलेलं इष्टलिंग, त्यावर अंग टाकायला ते साफ नकार देत.

"चार आण्याएवढ्या जखमेपायी लिंगावर लोळू व्हय?" ते म्हणत.

चार आण्याएवढी, हे चंद्रव्वानंच सांगितलं होतं. नवऱ्यानं हाय खाऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून ती रेटून खोटं बोलत आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथं झाकलेलं आत कुजत चाललं होतं. आपल्या खोट्यामुळंच हे अडून बसलेत, हे तिला आज कळलं. खरं सांगावं तर खचतील, न सांगावं तर हातचे जातील. तिचा जीव थाऱ्यावर राहिना.

शेवटी ती आत गेली. त्यांचा हात घेऊन बोटं मिटली, मूठ केली.

"एवढी हाय," ती म्हणाली. "मी खोटं सांगत व्हते."

वीरभद्रप्पा मुठीकडं बघत राहिले. हे आता अन्न सोडणार, असं चंद्रव्वाला वाटलं.

"लिंग दंडाला बांध," ते म्हणाले. "अंगावेगळं करू नको."

त्यांनी लिंग तळहातानं दंडाशी धरलं, तिनं दोरा बांधला. मग तिनं कट्ट्यावरच्या नर्सला आत बोलावलं आणि दोघींनी मिळून त्यांना हळूच पालथं केलं.

"त्यो वास," उशीत तोंड घालून ते म्हणाले, "गटारीचा म्हणत व्हतीस."

"व्हय," म्हणताना चंद्रव्वाला रडू फुटलं.

"मी रोज म्युन्सिपाल्टीला शिव्या घालत व्हतो की."