तिसरा फटका

अपघात विभागात एकवीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळेच सिस्टर म्हणत. घरी धाकटा भाऊसुद्धा चेष्टेने तेच म्हणायचा. आईचं लांबलेलं आजारपण संपलं, आई गेली, आणि महिन्याभरात सिस्टरने साठलेली सगळी रजा टाकून सायकल बाहेर काढली. चौदाशे किलोमीटर, एकटीने, समुद्रापर्यंत. डोकं ठिकाणावर आहे ना, असं भावाने विचारलं. "डोक्याचं माहीत आहे, पायांचं बघायचंय," ती म्हणाली.

नवव्या दिवसापर्यंत पायांचं बघून झालं होतं. मांड्या सोलवटल्या होत्या, समोरचा वारा दोन दिवस हटत नव्हता, आणि एका चढावर ती सायकलला टेकून चक्क रडली होती. पण माणसं भेटत गेली. एका शाळेच्या पहारेकऱ्याने वर्ग उघडून दिला, दोन बाकं जोडून दिली आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. एका बाईने नुसतंच तिच्याकडे बघून न बोलता तिच्या दोन्ही बाटल्या भरून आणल्या.

नवव्या दिवशी दुपारी मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले म्हणून ती एका चौफुलीवर ट्रकच्या टायरच्या दुकानात शिरली. दुकान एका बाईचं होतं. साठी उलटलेली, हात कोपरापर्यंत काळे, आणि तिच्या दुप्पट आकाराचे ड्रायव्हर तिच्यापुढे मुकाट रांगेत. तिला सगळे मावशी म्हणत. सायकल आपलं काम नव्हे, असं बडबडतच मावशीने तारा बसवून दिल्या.

तेवढ्यात पिकअपमधून दोघं पंक्चरचा टायर घेऊन आले. त्यातल्या चौकड्याच्या शर्टवाल्याने सिस्टरकडे चौकशी सुरू केली. कुठे चाललात, सोबत कोण आहे, पुढे खाणीच्या रस्त्याने जाणार का. ती सरळपणे उत्तरं देत गेली. मावशीने मध्येच तोडलं, "टायर दाखवायला आलायस की मुलगी बघायला?" तो हसला.

सिस्टर निघाली. पाच मिनिटांत पिकअपही गेली, आणि टायर तिथेच राहिला. मावशीने त्या टायरकडे पाहिलं. टायर उचकटायची लोखंडी टामी उचलली आणि स्कूटर सुरू केली.

खाणीचा रस्ता पांढऱ्या धुळीचा. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, आणि दुपारच्या सुट्टीमुळे माणूस नाही. सिस्टरला मागून गाडीचा आवाज आला, ती कडेला सरकली, आणि पुढच्या क्षणी पिकअपने मागचं चाक चिरडलं. ती तोंडावर पडली. भुवई फुटली. उठायच्या आत बरगडीत लाथ बसली, मग दुसरी. गाडी चालवणारा पाय धरून तिला ढिगामागे ओढू लागला. शर्टवाल्याच्या हातात सुरा होता.

तिने मूठभर खडी घेऊन ओढणाऱ्याच्या डोळ्यांत मारली. तो ओरडून मागे सरला. शर्टवाल्याने केस धरून तिचं डोकं दगडावर आपटलं. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि दात सोडले नाहीत. त्याने तिच्या डाव्या हाताचं बोट उलटं मोडलं तेव्हाच तिचं तोंड उघडलं.

स्कूटर आडवी पडल्याचा आवाज झाला. मावशी टामी घेऊन धावत आली. पहिला फटका सुऱ्याच्या हातावर बसला, हाड मोडल्याचं सिस्टरला ऐकू आलं. दुसरा खांद्यावर बसला आणि तो गुडघ्यांवर आला, मग पालथा पडला. सुरा लांब उडाला होता. तो नुसता पडून होता. तिसरा फटका मावशीने दोन्ही हातांनी, डोक्यावर घातला.

गाडीवाला पिकअपमध्ये चढून पळाला.

मावशीने टामी पुन्हा उगारली होती. सिस्टर रांगत गेली आणि त्या माणसाच्या अंगावर आडवी झाली.

"सरक," मावशी म्हणाली.

"नाही."

"पोरी, हा जगला तर उद्या दुसरीला पाडेल."

"हा मेला तर तुम्ही आत जाल."

मावशीने टामी खाली घेतली. सिस्टरने तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या माणसाच्या घशात रक्त घरघरत होतं. तिने मान सांभाळून त्याला कुशीवर घेतलं, चांगल्या हाताची दोन बोटं त्याच्या तोंडात घातली, तुटके दात आणि गुठळ्या बाहेर काढल्या. ओढणी फाडून डोक्याच्या जखमेवर धरली. जबडा पुढे ओढून ठेवला. मिनिटापूर्वी हेच तोंड तिच्या कानाशी घाणेरडं बोलत होतं. तिला त्याची किळस येत होती, आणि हात मात्र वॉर्डात चालायचे तसेच चालत होते.

दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर आला तो अर्ध्या तासाने. त्याने तिघांना पाहिलं, कोणी कोणाला मारलं ते विचारलं नाही. त्या माणसाला सीटवर घेतलं, सिस्टरला त्याच्या डोक्याशी बसवलं. वाटेत फक्त एकदा विचारलं, "ताई, हा तुमचा कोण?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "हॉर्न वाजवत राहा."

तो वाचला. डावी बाजू लुळी पडली, पण वाचला. गाडीवाला चौथ्या दिवशी सापडला.

पोलिसांना मावशीचा जबाब हवा होता, आणि त्याहून जास्त सिस्टरचा. अधिकारी सौम्य होता. पहिले दोन फटके समजतात, तो म्हणाला. डोक्यावरचा बसला तेव्हा तो माणूस उभा होता की पडलेला? सिस्टरने आयुष्यात रुग्णाच्या कागदावर कधी खोटी वेळसुद्धा लिहिली नव्हती.

"माझ्या डोळ्यांत रक्त गेलं होतं," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."

अधिकाऱ्याने तिच्या भुवईवरचे टाके पाहिले आणि तसंच लिहून घेतलं.

पुढचे पाच आठवडे ती मावशीच्या दुकानामागच्या खोलीत राहिली. बरगड्या दुखायच्या म्हणून मावशी तिला पाठीमागे उशी देऊन उठवायची, वेणी घालून द्यायची, आणि बोट सरळ राहावं म्हणून ट्यूबच्या रबराची पट्टी बांधायची. टँकरवाल्याने शहरातून सायकलचं नवं चाक आणून दिलं. त्या दुपारबद्दल मावशी एकदाच बोलली, भाकरी भाजताना, पाठ फिरवून.

"तो पडलेला होता, मला दिसत होतं."

"मलाही," सिस्टर म्हणाली.

मावशीने भाकरी उलटली. मग मावशी म्हणाली, झोप लागत नाही. सिस्टर म्हणाली, मलाही नाही. त्यानंतर दोघी एकाच खोलीत अंथरूण घालू लागल्या, दिवा चालू ठेवून.

भाऊ न्यायला आला होता. तो एकटाच परत गेला.

निघाली त्या सकाळी मावशी चौफुलीपर्यंत चालत आली, टायरमधली हवा अंगठ्याने दाबून पाहिली, आणि परत फिरली. सहा किलोमीटरवर मागून पहिली पिकअप आली. सिस्टर उतरली, पुलाच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हातांत हवेचा पंप घट्ट धरून. गाडी निघून गेली. ती तिथेच कठड्याशी खाली बसली. त्या दिवशी असं चार वेळा झालं. संध्याकाळपर्यंत एकतीस किलोमीटर झाले.

दुसऱ्या दिवशी ती दोनदाच उतरली.