टीव्हीतला कारखाना

सुजयनं गोळी झाडली आणि टीव्हीतली गणपतीची मूर्ती फुटून तिचे तुकडे कारखानाभर उडाले.

"अगो बाय!" गिरजाबाईच्या हातातला चहा बशीत सांडला. "गणपतीवर बंदूक?"

किमयानं आपल्या या आत्याकडे रोखून पाहिलं. पेणपासून रोह्यापर्यंत आत्यानं वाटभर या स्थळाचे गोडवे गायले होते. कंपनीत कायम, स्वतःचं घर, सुपारीचंही व्यसन नाही. आणि आता हा तिशीचा घोडा घर बघायला आलेल्या मुलीसमोर मांडी घालून, कंट्रोलर हातात धरून ठो ठो करत बसला होता.

"हा खेळ मीच बनवलाय," सुजय म्हणाला. "यात हवी ती जागा उभी करता येते. शत्रू कुठं लपणार, कुठून येणार, सगळं आपण ठरवायचं. हा तुमचा जोहे गावातला कारखाना. तुम्हाला बघायला आलो होतो ना, तेव्हा पाहिलेला."

होता खरा. किमयाच्या बापाचा, काळुरामचाच. फळ्यांवर मूर्तींच्या रांगा, कोपऱ्यात प्लास्टरची पोती, वर गंजलेला पत्रा. खिडकीजवळ बसून किमया मूर्तींचे डोळे आखायची, तिथं तोंडाला फडकं बांधलेला एक बंदूकवाला उभा होता.

"जागा बरी शोधलीत त्याला," ती म्हणाली.

"उजेड चांगला येतो तिथं," सुजय खुशीत म्हणाला.

टोमणासुद्धा कळत नाही मेल्याला. नकार तर तिनं वडखळच्या नाक्यावरच ठरवून टाकला होता. शाळेत असल्यापासून आखणीवर हात बसवला, तो काय इथं येऊन याचे डबे भरायला? तोंडावर सांगायचं तेवढं बाकी होतं.

आणखी एक मूर्ती फुटली.

"लाज नाय वाटत?" किमयाचा आवाज चढला. "देव फोडताय ते?"

"डोळे नायत त्यांना," सुजय म्हणाला.

तिनं पाहिलं. एकाही मूर्तीला डोळे नव्हते.

"आखले होते मी," तो ओशाळला. "शिफ्टवरून आलो की तेच करत बसायचो. तुमच्यासारखं काय जमलं नाय, एकेक गणपती नुसता चिडलेला दिसायचा. पण नजर आली ती आलीच. मग गोळी झाडायला बोट धजेना. खेळच अडला सगळा. शेवटी पुसून टाकले."

"खुळाच हाय," गिरजाबाई पुटपुटली आणि पदर सावरून उठली. "चल गो, पेणची एसटी निघंल."

किमया बसूनच राहिली. आखणी झालेल्या मूर्तीसमोर काळुराम कधी आवाज चढवत नसे. विडी ओढायलाही बाहेर जायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि या माणसाला तरी कुणी सांगितलं होतं?

"एक आखून दाखवा," ती म्हणाली.

सुजयनं कसंबसं आखलं. गणपती खरोखरच भांडायला उठल्यासारखा दिसायला लागला.

"शी! भुवया बघा कुठं उतरवल्यात. एवढं पण जमत नाय?" किमया खुर्चीवरून उतरून खाली सतरंजीवर आली आणि तिनं त्याच्या हातातून कंट्रोलर ओढून घेतला. "सरका तिकडं."

"अगो किमया, एसटी!"

"जाऊ दे ती, आत्या," टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली.