राउंड होईपर्यंत

खिशातली डबी चालताना खुळखुळत होती, म्हणून तिनं वरून पंजा दाबून धरला... तिच्या धाकट्या लेकीला पहिली मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. हॉस्पिटलच्या वॉर्डात झाडलोट करण्यात तेव्हा तिची एकवीस वर्षं भरली होती आणि पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. डॉक्टरांचा राउंड यायचा झाला की पेशंट आपापल्या गावठी औषधांच्या पुड्या, ताकदीच्या गोळ्या तिच्या निळ्या कोटाच्या खिशात टाकत, राउंड गेला की परत घेत. त्यात काय एवढं — कुणी बोलणी खाऊ नयेत, इतकंच. मागं पाच नंबरच्या म्हाताऱ्याला मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत झापलं होतं, "हा कचरा खायचा आणि मग आमच्याकडे यायचं?" म्हातारा पांघरुणात शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही...

आजची डबी सात नंबरच्या बाईंची. रिटायर्ड टेलिफोन ऑपरेटर, आवाज अजून खणखणीत. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलेला, उद्या सकाळी ऑपरेशन.

"अगं, औषध कुठलं! लेकीनं पाठवलेल्या लसणाच्या अर्काच्या गोळ्या आहेत त्या. खाऊ समज," डबी देताना बाई म्हणाल्या होत्या.

"आणखी काही गोळ्या घेता?" राउंडात मोठ्या डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता बाईंना विचारलं.

"छे हो," बाई म्हणाल्या, आणि मावशीकडे बघून एक डोळा मिटला.

मावशी फरशी पुसत राहिली. पुसलेलीच पुन्हा पुसली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई एकदा नर्सला सांगत होत्या — असल्या अर्कांनी रक्त पातळ होतं, कापलं की थांबता थांबत नाही... नीट ऐकलं होतं का आपण, की आपल्याच मनाचं काहीतरी? आणि सांगायचं म्हणजे एकवीस वर्षं कुणाकुणाचं लपवलं तेही सांगायचं? जेवणाच्या सुट्टीत घास नुसता तोंडात फिरत राहिला. मी कोण, झाडलोट करणारी बाई... पण डोळा मिटला तो माझ्याकडे बघून, दुसऱ्या कुणाकडे नाही.

चार वाजता तिनं डबी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते ओरडले नाहीत. डबीवरचं वाचलं, "कधीपासून?" एवढंच विचारलं आणि ऑपरेशन दहा दिवस पुढं ढकललं.

"चुगलखोर कुठली!" बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. "बहीण समजत होते मी तुला."

"बाई, तुमच्याच जिवासाठी—"

"पुरे. चादर बदल आणि जा."

चादर बदलताना तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आला तो राग. बाईंचा? मान वर न करता विचारणाऱ्या डॉक्टरांचा? की सकाळीच तोंड न उघडणाऱ्या स्वतःचा... एका जागी तो ठरेच ना.

सहाव्या दिवशी फुगा फुटला. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं असतं तर बाई वाचल्या असत्या, की तिथंच टेबलावर गेल्या असत्या — डॉक्टर समोरून जातात तेव्हा हे तिच्या ओठांपर्यंत येतं. तोवर ते पुढच्या खाटेशी पोचलेले असतात, आणि हायसं वाटतं तिला, आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटते...

सात नंबरच्या बाई त्याच वर्षी, फुगा फुटला त्याच रविवारी, दुपारी सव्वातीनला वारल्या.